मोसमकाठी आंबा : कोय जागेवर, कलम जागेवर

नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेस बागलाण तालुका असून त्यात मोसम नदीच्या काठी नामपूर हे बाजारपेठेचे गाव वसलेले आहे. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरातून निघणारी मोसम हरणबारीच्या धरणातून उतरून जायखेड्यावरून नामपुरास येते व पुढे मालेगावाजवळ गिरणेस मिळते. नदीच्या दोन्ही अंगांस काळी, खोल जमीन आहे. तेथून डोंगराकडे सरकू लागले की जमीन हलकी होत जाते व अखेर नुसता मुरूम उरतो. पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तोही भरवशाचा नसतो. नामपुरास स्वतंत्र कृषी उत्पन्न बाजार समिती असून हंगामात तेथे कांद्याच्या गाड्यांची रीघ लागते. या परिसरातील शेतकऱ्यास व्यापार समजतो, नवे पीक घेण्याची हौसही त्यास आहे. असे असूनही फळझाड लावावे काय, हा प्रश्न निघाला म्हणजे आज तो थोडा थबकतो. त्याचे कारण ध्यानात घेतल्यावाचून त्यास कोणताही सल्ला देणे योग्य होणार नाही.

कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या चार तालुक्यांचा पट्टा कसमादे या नावाने ओळखला जातो. ठिबक सिंचन आल्यानंतर या पट्ट्यात डाळिंबाने मोठीच मजल मारली. प्रथम गणेश, मग मृदुला व आरक्ता, त्यानंतर भगवा अशी वाणांची परंपरा येथे नांदली. माळावरील मुरमाड जमिनीसही मोल आले. घरे बांधली गेली, मुले शिकली. परंतु २००३ नंतर तेल्या रोगाने महाराष्ट्रातील डाळिंबबागांत थैमान घातले आणि त्याच्या जोडीस मर रोग आला. तेल्या हा जिवाणूजन्य रोग असल्यामुळे पावसाळी दमट हवेत एका झाडावरून दुसऱ्यावर तो झपाट्याने जातो. फवारणीमागून फवारणी करूनही बागा हातच्या गेल्या व पुष्कळ शेतकऱ्यांना पोटच्या पोरासारखी वाढविलेली झाडे उपटून बांधावर जाळावी लागली. ज्याने कर्ज काढून बाग उभारली व तिचीच मुळे पुढे जेसीबीने उपसली, त्यास पुन्हा बहुवर्षायु झाड लावण्यास सांगणारा ग्रामसेवक किंवा कृषी सहायक यांनी आपला शब्द तोलूनमापूनच टाकला पाहिजे. झाड लावणे म्हणजे पुढील ४०-५० वर्षांसाठी जमीन बांधून टाकणे होय.

या परिसरास आंबा हे झाड परके नाही. सतराव्या शतकातील मोगल तवारीखकारांनी बागलाणचे वर्णन करताना येथील ओढे, सौम्य हवा, झाडी व फळे यांची प्रशंसा केली आहे. मोसम व आरम या नद्यांवर बंधारे घालून पाणी वाटून घेण्याची फड पद्धत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. फडातील जमिनीत पिकांची फेरपालट ठरलेली असल्यामुळे कायमच्या झाडास तेथे जागा नव्हती. सबब आंबा उभा राहिला तो बांधावर, विहिरीच्या थारोळ्याजवळ व नाल्याच्या काठी. ही सर्व झाडे कोयीपासून उगवलेली, म्हणजे रायवळ होत. कोणाचे फळ आंबट, कोणाचे दोऱ्याचे, तर कोणाचे साखरेसारखे. आखाजीस रसाचा बेत करताना अमक्या बांधावरचा आंबा म्हणून त्याची ओळख सांगितली जात असे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली अशी झाडे अजूनही आढळतात. त्यांस कोणी पाणी दिले नव्हते व ठिबकाची नळीही घातली नव्हती. ती कशाच्या जोरावर तगली, हे समजून घेणे हाच या लेखाचा मुख्य भाग आहे.

सोटमुळाची गोष्ट

आंबा हे उष्ण कटिबंधातील सदाहरित झाड होय. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात त्याची सर्व पाने एकदम गळत नाहीत. जुनी पाने थोडी थोडी झडतात व तांबूस कोवळी पालवी मधूनमधून येत राहते. अर्थात कडक उन्हाळ्यातही त्याच्या अंगावर संपूर्ण पर्णभार असतो व तेवढे पाणी त्यास कोठून तरी आणावेच लागते. ते पाणी सोटमूळ आणते. कोय रुजल्याबरोबर पहिले मूळ सरळ खाली धाव घेते. वरचा कोंब वीतभर दिसतो तेव्हा खाली मूळ त्याहून किती तरी खोल गेलेले असते. भुसभुशीत जमिनीत वाढलेल्या झाडाचे सोटमूळ २० फुटांपर्यंत जाते. बांधावरचा रायवळ आंबा दुष्काळात तगतो तो याच कारणाने.

आता रोपवाटिकेतील कलमाकडे पाहावे. कोय पिशवीत रुजविली जाते. तिचे सोटमूळ पिशवीच्या तळाशी पोहोचले की त्यास पुढे वाट राहत नाही. ते वळते व वेटोळे घालून बसते, किंवा पिशवी जमिनीवर टेकलेली असल्यास छिद्रातून बाहेर पडून मातीत शिरते व उचलताना तुटते. असे कलम शेतात लावले म्हणजे ते जगते, पानेही फुटतात, परंतु मूळ पुन्हा सरळ खोल जाईलच असे नाही. बाजूची मुळे पसरून झाड उभे राहते व त्यांस वरचेवर पाण्याची गरज भासते. कोकणात कोय कलमांची पद्धत चांगलीच रुजली. तेथे पाऊस भरपूर, हवा दमट, आणि कलमास पहिली दोन वर्षे सांभाळणे त्यामानाने सोपे असते. मोसम खोऱ्याच्या कोरड्या माळावर, जेथे फेब्रुवारीतच विहीर तळ दाखविते, तेथे तोच कित्ता जसाच्या तसा गिरविणे धोक्याचे आहे.

यावर उपाय साधा आहे. ज्या जागी झाड कायम राहावयाचे त्याच जागी रायवळ आंब्याची कोय लावावी व रोप वर्षाचे झाले की तेथेच त्यावर हव्या त्या जातीची काडी बांधावी. मूळ रायवळचे, फळ केसरचे. यास जागेवरील मृदुकाष्ठ कलम म्हणतात. यात एक वर्ष अधिक जाते हे खरे. नर्सरीचे कलम आणून लावणारा शेजारी प्रारंभी पुढे दिसेल. तथापि कोरडवाहू जमिनीत त्या एका वर्षाचा मोबदला पुढे प्रत्येक उन्हाळ्यात मिळत राहतो.

ज्यांच्याकडे बारमाही पाण्याची खात्री आहे त्यांनी खात्रीच्या रोपवाटिकेतून कलमे आणण्यास हरकत नाही. मात्र कलमाचा सांधा एकजीव झालेला आहे, पिशवीतील मूळ वेटोळलेले नाही व मातृवृक्षाची नोंद आहे, एवढे पाहूनच ती घ्यावीत. जत्रेत किंवा टेम्पोवर स्वस्तात मिळणारी कलमे घेऊ नयेत. त्यांची जात कोणती हे पाच वर्षांनी फळ लागल्यावर कळते आणि तोपर्यंत विक्रेत्याचा ठावठिकाणा राहिलेला नसतो.

जमीन पारखताना

नदीकाठची खोल, चिकण, काळी जमीन पाहून अनेकांना वाटते की येथे आंबा उत्तम येईल. वस्तुतः अशा जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, मुळांस हवा मिळत नाही व उन्हाळ्यात तिला भेगा पडून बारीक मुळे तुटतात. ती जमीन कांदा, ऊस व गहू यांस राखावी. याच्या उलट टोकास, वीतभर मातीखाली सलग कातळ असेल तर सोटमुळास वाट नाही व एवढा खटाटोप व्यर्थ जातो. आंब्यास मध्यम, निचऱ्याची, खाली भुगा होणारा मुरूम असलेली जमीन मानवते. बागलाणात आणखी एक अडचण वारंवार आढळते ती चुनखडीची. पांढऱ्या खड्यांचा थर वरच्या दोन-तीन फुटांत असल्यास नवी पाने पिवळी पडतात व केवळ शिरा हिरव्या राहतात. लोह व जस्त फवारून तात्पुरती हिरवळ येते इतकेच.

सबब लागवडीपूर्वी शेतात तीन-चार ठिकाणी सहा फूट खोल खड्डा घेऊन पाहावा आणि मातीचे नमुने तपासून घ्यावेत. या ठिकाणी ग्रामसेवकाची व कृषी सहायकाची खरी कसोटी लागते. लागवडीचे लक्ष्यांक पुरे करण्याच्या घाईत अयोग्य जमिनीसही संमती दिली, तर कागदावर हेक्टर वाढतात व पाच वर्षांनी शेतात खुंट उरतात. खड्डा पाहून ‘या तुकड्यात नको’ असे स्पष्ट सांगणे हीदेखील सेवाच होय.

डाळिंब काढलेल्या शेताचा विचार वेगळा करावयास हवा. तेल्याचा जिवाणू आंब्यावर येत नाही, त्याबद्दल भीती बाळगण्याचे कारण नाही. मर रोगाचे मात्र तसे नाही. डाळिंबाच्या मर रोगास कारणीभूत होणाऱ्या बुरशींपैकी सेरॅटोसिस्टिस ही एक असून तिच्या जवळच्या जातींनी ओमान व ब्राझील या देशांत आंब्याची झाडे वाळविली आहेत. आपल्याकडील डाळिंबाची बुरशी आंब्यास तितकीच बाधेल असे यावरून म्हणता येत नाही. तरीपण सावधगिरी स्वस्त आहे. डाळिंबाचे बुंधे व मुळ्या वेचून जाळाव्यात, शेत दोन उन्हाळे खोल नांगरून तापू द्यावे, मधल्या काळात बाजरी, ज्वारी किंवा मका यांसारखी धान्यपिके घ्यावीत व नवे खड्डे जुन्या ओळींच्या मधोमध घ्यावेत. जुन्याच खड्ड्यात नवी कोय पुरणे कधीही करू नये.

जात कोणती

हापूसचे नाव मोठे आहे. परंतु तो कोकण किनाऱ्याच्या हवेचा राजा होय. त्याला वर्षाआड फळ येण्याची खोड आहे व फळात साका पडतो. पठारावर त्याचा तो स्वाद उतरेलच असे नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये प्रसारित केलेला रत्ना हा वाण साक्यापासून मुक्त आहे व हौसेखातर दोन-चार झाडे लावण्यास चांगला आहे. मुख्य लागवड मात्र केसरची असावी.

केसरचा इतिहास मनोरंजक आहे. जुनागढजवळील वंथळी येथील एका उत्तम झाडाची कलमे १९३१ मध्ये गिरनारच्या पायथ्याशी लावण्यात आली. त्यांची फळे १९३४ मध्ये जुनागढच्या नबाबापुढे आली तेव्हा गराचा रंग पाहून त्याने त्यांस केसर असे नाव दिले, असे सांगतात. सौराष्ट्राची ती कोरडी हवा व आपल्या पठाराची हवा यांत पुष्कळ साम्य असल्यामुळे हा वाण मराठवाड्यात स्थिरावला व मराठवाडा केसर या नावाने त्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. फळ मध्यम, गर केशरी, दोरा नाही, रसास उत्तम, आणि दर वर्षी बऱ्यापैकी धरणारे. बागेत शंभरात पाच ते दहा झाडे दुसऱ्या जातीची असावीत, म्हणजे परागीभवनास मदत होते.

खड्डा व कोय

उन्हाळ्यात एक मीटर लांब, रुंद व खोल असे खड्डे घेऊन महिनाभर उन्हात तापू द्यावेत. पूर्वी १० मीटर अंतर ठेवीत, म्हणजे हेक्टरी १०० झाडे बसत. आज ५ × ५ मीटरवर ४०० झाडे लावून छाटणीने ती आटोक्यात ठेवण्याचा प्रघात आहे. हे घन अंतर कात्री चालविण्याची तयारी असणाऱ्यानेच निवडावे. ज्यास फांदी तोडताना दुःख होते त्याने अंतर वाढवावे हे बरे, कारण न छाटलेल्या दाट बागेत दहाव्या वर्षी अंधार होतो आणि फळ केवळ शेंड्यावर राहते. खड्डा भरताना वरची पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत दोन-तीन घमेली व एक ते दोन किलो सुपर फॉस्फेट मिसळावे. कच्चे शेणखत मुळीच घालू नये, त्याने वाळवी व हुमणी यांस आमंत्रण मिळते. भरलेला खड्डा पाऊस पडून बसेल या बेताने जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवावा.

कोय निवडताना सगळे लक्ष ताजेपणाकडे द्यावे. आंब्याची कोय धान्याप्रमाणे साठविता येत नाही. ती वाळली की तिच्यातील जीव जातो. महिन्याभरात तिची उगवण फारच घटते. निरोगी, जोमदार, दर वर्षी फळणाऱ्या रायवळ झाडाची पाडाची फळे घेऊन त्यांच्या कोयी धुवाव्यात. पाण्यात टाकून ज्या तरंगतील त्या फेकून द्याव्यात, बुडतील त्या ठेवाव्यात. मृगाचा चांगला पाऊस होताच प्रत्येक खड्ड्याच्या मध्यभागी वीतभर अंतराने तिकोनात तीन कोयी, पाठीची म्हणजे बाहेर वळलेली कड वर करून, दोन-तीन इंच खोल लावाव्यात. अशा रीतीने लावलेल्या कोयीचा कोंब सरळ येतो. दोन ते तीन आठवड्यांत उगवण होते. तीन कोयी लावण्याचे कारण एवढेच की एखादी उगवत नाही, एखादी उंदीर किंवा खार नेते व एखाद्या रोपावर कलम साधत नाही.

पहिला उन्हाळा हा या रोपांचा कठीण काळ होय. ती जगवावयाची तर प्रत्येक आळ्यात बाजरीचे सरमड किंवा वाळलेले गवत चार बोटे जाड पसरावे. नैर्ऋत्य बाजूस तुराट्यांचा आडोसा करावा. ठिबक नसेल तेथे तळास छिद्र पाडून त्यात सुताची वात घातलेले मातीचे मडके आळ्यात पुरून आठवड्यातून एकदा भरले तरी भागते. पाणी खोडापासून थोडे दूर द्यावे, म्हणजे मूळ त्याच्या शोधात जाते. शेळ्यांपासून रक्षणाची व्यवस्था लागवडीपूर्वीच करणे इष्ट असते. गावात मोकाट गुरे असतील तर कुंपणाचा खर्च प्रथम हिशेबात धरावा.

काडी बांधणे

दुसऱ्या पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, रोप पेन्सिलीएवढे जाड झालेले असते व त्यास तांबूस पालवी फुटते. तीच वेळ साधावयाची असते. हवेत ओलावा पाहिजे, कारण काडी जोडली जाईपर्यंत ती आपल्याजवळील ओलीवरच तगून असते. या भागात पाऊस उघडला की वारा कोरडा होतो, म्हणून ढगाळ दिवस निवडावा व सकाळी काम उरकावे.

ज्या केसरच्या झाडावरून काडी घ्यावयाची ते फळाने पारखलेले असावे. तीन-चार महिने वयाची, रोपाच्या जाडीची, टोकाचा डोळा भरलेली काडी निवडावी व ती झाडावरच असताना आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून छाटावीत. यामुळे डोळा फुगतो व देठ आपोआप गळू लागतात. अशी काडी वीतभर लांब कापून ओल्या फडक्यात गुंडाळावी व शक्य तोवर त्याच दिवशी बांधावी.

रोपाचा शेंडा नव्या तांबूस वाढीतच, म्हणजे जेथे खोड अजून कोवळे आहे तेथे छाटावा. खालची चार-सहा पाने राहू द्यावीत. छाटलेल्या टोकास मधोमध दीड इंच खोल उभी चीर द्यावी. काडीच्या बुडास दोन्ही बाजूंनी तेवढाच तिरपा काप देऊन तिला पाचरीसारखा आकार द्यावा व ती पाचर चिरेत बसवावी. दोन्हींची साल निदान एका बाजूस तरी नेमकी जुळली पाहिजे, कारण सांधा सालीखालील हिरव्या थरातच धरतो. प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट बांधावे व वरून पारदर्शक पिशवीची टोपी घालून सुतळीने आवळावी. चाकू धारदार व स्वच्छ असावा. कापलेल्या भागास बोट लावू नये. पंधरा-वीस दिवसांत डोळा फुटतो. तो हिरवा दिसला की टोपी संध्याकाळच्या वेळी काढावी. बांधलेली पट्टी मात्र दोन-अडीच महिने ठेवून नंतर सोडावी. ती विसरल्यास खोडात रुतते आणि वारा आला की कलम नेमके तेथेच मोडते. या चुकीने गेलेली कलमे थोडी नसतात.

काडीखालून फुटणारे रायवळचे धुमारे आठवड्यास एकदा मोडावेत. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु ते चुकल्यास रायवळचा जोम केसरच्या काडीस दडपून टाकतो व पाच वर्षांनी शेतकरी म्हणतो, कलमच खोटे निघाले. खड्ड्यातील तिन्ही रोपांवर काडी बांधून जे कलम सर्वांत जोमदार निघेल ते ठेवावे व बाकीची दोन जमिनीलगत छाटावीत. ती उपटू नयेत, उपटताना राहिलेल्याचे मूळ दुखावते. काही खड्ड्यांत तिन्ही कलमे फसतील. त्यांवर फेब्रुवारी-मार्चच्या पालवीत किंवा पुढल्या पावसाळ्यात पुन्हा बांधावे.

ही कला हातास बसण्यास दोन-तीन दिवस पुरतात. गावातील पाच-सात तरुणांनी मालेगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत प्रत्यक्ष पाहून ती शिकून घ्यावी. द्राक्षाच्या डोळे भरणीत ज्यांचा हात तयार आहे त्यांस ती अधिकच लवकर साधते व गावात दोन पैसे मिळविण्याचे साधनही होते.

बाग वाढविताना

कलम फुटून दोन-अडीच फुटांचे झाले की शेंडा मारावा व चारही दिशांस एकेक अशा तीन-चार फांद्या ठेवाव्यात. पहिली तीन वर्षे मोहर आला तरी खुडून टाकावा. लहान झाडावर लटकलेली चार फळे फोटोस शोभतात, पण झाडाची वाढ खुंटवितात. चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ घ्यावे. पुढे दर वर्षी काढणी होताच जूनअखेर हलकी छाटणी करावी व ५ मीटर अंतराच्या बागेत झाडाची उंची १२-१३ फुटांपुढे जाऊ देऊ नये. खतांचे प्रमाण माती तपासणीच्या अहवालावरून ठरवावे.

पहिली चार-पाच वर्षे बागेतून उत्पन्न नाही, हे घरातील सर्वांस आधी ठाऊक असावे. सबब सगळे रान एकदम आंब्याखाली न घालता प्रथम एक एकर करावे व आंतरपिकांवर त्या एकराचा खर्च भागवावा. भुईमूग, मूग, उडीद, मठ ही पिके चांगली. नामपूरकडील शेतकरी साहजिकच कांद्याचा विचार करील. प्रारंभीच्या तीन वर्षांत आळ्याबाहेर कांदा घेतल्याने हानी होत नाही. परंतु झाडे फळावर आली की उन्हाळी कांदा बागेत अजिबात नको. डिसेंबर-जानेवारीत लावलेल्या कांद्यास आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे लागते आणि आंब्यास नेमका त्याच वेळी ताण हवा असतो. ऑक्टोबरपासून पाणी तोडल्यावाचून फांदी पक्व होत नाही व पाणी मिळत राहिले तर मोहराऐवजी पालवी येते. एकाच वाफ्यात दोघांस राजी करता येत नाही. फळे वाटाण्याएवढी झाल्यावर पाणी सुरू करावे, हळूहळू वाढवावे व काढणीपूर्वी तीन आठवडे बंद करावे. झाडे लवकर व जास्त मोहरावीत म्हणून पॅक्लोब्युट्राझोल देण्याची टूम सर्वत्र आहे. अशक्त, कमी वयाच्या किंवा पाण्याची शाश्वती नसलेल्या बागेत ते देणे म्हणजे म्हाताऱ्या बैलास पराणी टोचण्यासारखे होय.

येथील थंडी मोहर येण्यास पोषक असते. मात्र पारा १० अंशांखाली बरेच दिवस राहिला तर मोहरात नरफुलांचे प्रमाण वाढते व फळधारणा घटते. अशा वेळी रात्री ठिबकाने थोडे पाणी सोडावे व बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करावा. ढगाळ हवेत तुडतुडे व भुरी ही जोडी येते. मोहराचे दांडे चिकट, काळपट दिसू लागले की तुडतुडे आहेत असे समजावे. पांढरी भुकटी दिसली की गंधकाची फवारणी करावी. झाडे पूर्ण फुलावर असताना कीटकनाशक मारू नये, कारण आंब्याचे परागीभवन माश्या व मधमाश्याच करतात. खोडातून भुसा पडत असेल तर भिरूड आहे. छिद्रात तार घालून अळी मारावी व छिद्र मातीने लिंपावे. फळमाशीसाठी मिथिल युजेनॉलचे सापळे फळे सुपारीएवढी झाल्यापासूनच टांगावेत.

गारपिटीपुढे मात्र इलाज फार थोडा आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांतील गारपिटीने महाराष्ट्रातील उभी पिके व फळबागा झोडपल्या हे सर्वांस आठवते. आंब्याचे त्या वर्षीचे फळ जाते, झाड राहते. मोडलेल्या फांद्या साफ कापून बोर्डो पेस्ट लावली म्हणजे पुढच्या हंगामास ते पुन्हा उभे राहते. वाऱ्याच्या बाजूस शेवगा किंवा गिरिपुष्पाची दाट ओळ असल्यास नुकसान काहीसे घटते. फळपीक विम्याच्या मुदती मोहराच्या आधीच संपतात, त्या कृषी सहायकाने ग्रामसभेत वेळेवर जाहीर कराव्यात.

अनुदानासंबंधी एक सूचना. राज्यात १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड झाली व २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू झाली. कोणत्या योजनेत कलमे खरेदीची पावती लागते व जागेवर बांधलेल्या कलमास काय नियम आहे, हे खड्डे घेण्याच्या आधी तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावे. खड्डे भरून झाल्यावर विचारणाऱ्यास बहुधा निराश व्हावे लागते.

काढणी व बाजार

मोहरानंतर सुमारे चार महिन्यांनी फळ तयार होते. देठाजवळचा भाग खोलगट होऊन खांदे वर येणे ही पक्वतेची खूण. फळ झेल्याने, इंचभर देठ ठेवून, सकाळी उतरावे. देठाचा चीक सालीवर ओघळला की काळा डाग पडतो व दर उतरतो. गवताच्या आढीत किंवा इथिलीन वायूच्या मान्यताप्राप्त कक्षात ते पिकवावे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकविणे कायद्याने बंद आहे.

कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने विकिरण केंद्र उभारले. त्याच केंद्रातून २००७ पासून हापूस व केसर हे आंबे प्रक्रिया होऊन अमेरिकेस रवाना झाले. म्हणजे कांद्यासाठी बांधलेले दार आंब्यास उघडले गेले व ते आपल्याच जिल्ह्यात आहे. परंतु तेथवर जावयाचे तर एका गावात सारख्या आकाराचा, डागविरहित माल पुरेशा प्रमाणात निघाला पाहिजे. एकट्यादुकट्याच्या एक एकराने ते होत नाही, दहा-वीस शेतकऱ्यांनी एकच जात, एकच मशागत धरली तर होते. तोपर्यंत नामपूर, सटाणा व मालेगाव येथील घरोघरचा रस हाच जवळचा गिऱ्हाईक समजावा.

या वर्षी ज्यांनी खड्डे घेतले आहेत त्यांनी मे अखेरीस व जूनमध्ये बांधावरच्या चांगल्या रायवळच्या कोयी उकिरड्यावर टाकू नयेत. घरातील बायामुलांस तसे आधीच सांगून ठेवावे. रस काढल्यावर कोयी लगेच धुऊन सावलीत सुकवाव्यात, उन्हात मुळीच नको. त्या ओलसर वाळूत किंवा भिजविलेल्या पोत्याखाली ठेवाव्यात व पहिल्या चांगल्या पावसाबरोबर, पंधरा दिवसांच्या आत, खड्ड्यात घालाव्यात.